मान वर

माझा धाकटा भाऊ सेनब राजाच्या भटारखान्याचा मुख्य. एके दिवशी राजाला राग आला आणि सेनब कोठडीत गेला. राजाचा प्याला भरणाराही त्याच्याबरोबर गेला. भाकरीत खडा निघाला की मद्यात माशी, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मोठ्यांना कारण लागतं थोडंच!

हापू पहारेकरी धापा टाकत दारात आला तेव्हा मी आम्हा भटाऱ्यांच्या रीतीने पायांनी कणीक तुडवत होते.

"ताई, आधी तोंड गोड करा! दोघांनाही काल स्वप्नं पडली. तिथल्या एका परदेशी, इब्री कैद्याने अर्थ सांगितला. प्यालेवाल्याला म्हणाला, तीन दिवसांत राजा तुझी मान वर करील. आणि आपल्या सेनबलाही तेच! मान वर करील!"

"पुढे काय म्हणाला?"

"पुढचं ऐकायला थांबतंय कोण? मी धावतच सुटलो."

माझी भावजय हेनुत हसत-रडत आतून आली. "वन्सं, तिसऱ्या दिवशी राजाचा वाढदिवस! त्या दिवशी कैदी सोडतातच!"

"मेल्या हापू, स्वप्न काय होतं ते तरी सांग," मी म्हटलं.

"डोक्यावर तीन टोपल्या. वरच्या टोपलीत राजासाठी भाजलेलं सगळं, आणि पाखरं ते खात होती."

"आणि हा काय करत होता?"

"हा? काही नाही."

भटाऱ्याचं पोर बोलायच्या आधी पाखरं हाकलायला शिकतं. सेनब तर झोपेतही हात झाडायचा. हात चालत असते तर त्याने टोपलीला चोच लागू दिली नसती. हात चालत नाहीत ते मेलेल्याचे, असं मी बोलून दाखवलं.

"तुमच्या जिभेला काही हाड, वन्सं? सख्ख्या भावाचं चांगलं बघवत नाही!"

मी पुन्हा कणीक तुडवू लागले. तिचंच खरं व्हावं, असं मलाही वाटत होतं.

वाढदिवसाला आम्ही वाड्याबाहेर उभ्या होतो. हेनुतने त्याचं धुतलेलं पांढरं वस्त्र हातावर घेतलं होतं. प्यालेवाला गळ्यात फुलं घालून बाहेर आला आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. मग सेनबला आणलं. मैदानात खांब उभा होता. त्यावर त्याला टांगलं.

मरण एक वेळ सोसलं असतं. पण देह अखंड राहिला नाही, तर मरणापलीकडच्या घरात जायला माणूसच उरत नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. देह खाली काढायला मनाई होती. आभाळात दोनच घारी फिरत होत्या.

"वन्सं, स्वप्नात पाखरांनी भाकरीच खाल्ली ना? मग त्यांना भाकरीच देऊ. पोट भरलं की जातील. स्वप्नही फिटेल."

बुडत्याला काडीचा आधार. मीही भट्टी पेटवली. तीन टोपल्या भरल्या, हेनुतने डोक्यावर घेतल्या. तिचे दोन्ही हात टोपल्या सावरण्यात गुंतलेले, त्यामुळे वाटेतच कावळे वरच्या टोपलीवर बसले. मी मागून हाकलत होते, पण ते परत येत होते.

तिने खांबाखाली गरम भाकऱ्या मोडून पसरल्या. त्या वासाने साऱ्या गावची पाखरं उतरली. जिथे दोन घारी होत्या, तिथे आता जमीन दिसेना. भाकरी सरली. एका कावळ्याने चोच पुसली आणि वर पाहिलं.

"वन्सं, हाकला ना! हाकला!" हेनुत किंचाळत होती.

मी दगड उचलले. हात होते ना मला! खांदा निखळेपर्यंत मारले. पण एकही दगड सेनबच्या पायांच्या वर जाईना. राजाने माझ्या भावाची मान फार उंच केली होती.