कादंबरीतल्या चुका

"हे पाहा, हेबी चूक!" म्हणत देवानंद लांजेवारांनी निळ्या पेन्सिलीनं पानावर गोल केला आणि पुस्तक मुलीसमोर आपटलं.

त्यांची सगळी नोकरी भिलाईच्या प्लेट मिलमध्ये इन्स्पेक्शनला गेली होती. पोलादाच्या प्लेटवर जिथे खोट दिसेल तिथे खडूनं गोल करायचा आणि पुढे सरकायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर खोट काढायला सुनेच्या भाजीतलं मीठ तेवढं उरलं होतं. आता मुलीची कादंबरी हाती लागली.

प्रांजली नुकतीच नागपूरहून आली होती. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळात तिच्या कादंबरीवर चर्चा होती, आणि आईला सोबत नेऊन पहिल्या रांगेत बसवायचं, एवढ्याच एका इच्छेनं ती या घराची पायरी चढली होती. अजून तिनं तोंड उघडलं नव्हतं. चहाच्या आधीच बाबा सुरू झाले.

"पन्नास पानं वाचली मी. पुढचं वाचाची गरज नाही. बकवास आहे."

"बाबा, कादंबरी आहे ती. तुमचं सर्व्हिस बुक नाही."

"मंग सेक्टरातलं आपलं कंपनीचं क्वार्टर कावून घेतलं? मागचं जांबाचं झाड कावून घेतलं? अन् तेबी धड नाही. बाप दारू पिऊन येते म्हणे! मी दारूले कधी हात लावला? जे केलं ते शुद्धीत केलं मी."

तिचा धाकटा भाऊ सुशील सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. कुम्हारीच्या कारखान्यातून आला की तो असाच बसायचा. त्याची बायको ऐश्वर्या चहाचा ट्रे घेऊन आली.

"अन् हे पाहा. बापानं पोराले पट्ट्यानं मारलं म्हणते. सरासर खोटं! पट्टा या घरात कोणावर उचलला नाही. रबरी नळी होती ती, बागेतली."

चूक सापडल्याच्या समाधानात त्यांनी पान उलटलं. आपण काय बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ऐश्वर्याच्या हातातला ट्रे तसाच राहिला. दोन उन्हाळे ती सुशीलच्या मागे लागली होती, कुंड्यांना नळीनं पाणी घाला म्हणून. तो दर वेळी बादलीच उचलायचा. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सुशीलनं मान वर केली नाही.

"आता सगळ्यात मोठी चूक," देवानंदांचा आवाज चढला. "आई पह्यल्याच पानावर मेली! ही काय समोर बसली आहे, मेथी निवडून राहिली. जित्या बाईले मारून टाकते, अन् मंग तिलेच मंडळात मिरवाले नेते?"

कमलिनीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. पुस्तक त्यांनीही वाचलं होतं, दुपारी सगळे झोपल्यावर, चोरून, शेवटपर्यंत. घरातली, शेजारपाजारची सगळी माणसं त्यात होती. आता तरी आपण येऊ, आता येऊ, म्हणून त्या पानं उलटत गेल्या होत्या. नवऱ्याला राग होता पुस्तकात असल्याचा, त्यांना नसल्याचा. आणि तो राग नवऱ्यापेक्षा कमी नव्हता.

"मले कावून मारलं?" त्यांनी विचारलं.

"आई, राहू दे ना. चल, तयार हो. उशीर होते."

"नाही. आधी सांग. शेजारच्या मथुराबाईले चांगली दहा पानं देल्ली. मीच तेवढी जड झाली तुले?"

"आई..."

"सांग म्हणते ना! काय वाईट केलं होतं मी तुमचं?"

प्रांजलीनं डोळे मिटून घेतले. मग एका दमात बोलून टाकलं.

"आधी तू होती. मार चालू आहे अन् तू घरातच आहे, असंच लिहिलं होतं. चार जणांले वाचाले देल्लं. बापावर कोणीच नाही चिडलं, आई. सगळे तुह्यावरच चिडले. म्हणून काढली तुले."

"घ्या!" देवानंद म्हणाले. "आता हिची चूक झाली."

"मी होती की घरात," कमलिनीबाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "मी काही गावाले नव्हती गेली."

"कहाँ थी, आई?"

सुशील होता. मोबाइल त्यानं पालथा ठेवला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

कमलिनीबाई मेथीच्या काड्या गोळा करू लागल्या.

"न्हाणीघरात," त्या म्हणाल्या. "तू ओरडाले लागला का नळ सोडून ठेवत होती. बादलीत धार पडली का ऐकू नव्हतं येत."

हे प्रांजलीला ठाऊक नव्हतं. चारशे पानांत कुठेच नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं आणि मग पाहवलं नाही म्हणून चपला शोधू लागली.

"तू जाय मंडळात," कमलिनीबाई म्हणाल्या. "मी नाही येत. तिले मेलेलीच राहू दे."