काळं झाकण

कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं मी रोज तीनशे माणसांचं जेवण रांधते आहे आणि शिजताना एकदाही चव बघत नाही. चमचे चाटत स्वयंपाक करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. घरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्याही नाहीत. लाल झाकण तिखटाचं, काळं मसाल्याचं, पिवळं कॉफीचं. विषय संपला.

तर अशा माझ्या एकुलत्या एका मुलीने परक्या देशातला मुलगा पसंत केला. मुलात खोट काढता येईना, म्हणून मी मोर्चा त्याच्या आईकडे वळवला. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. परक्या घरात हिच्या हातून काही बिघडलं, तर हिला सांभाळून कोण घेणार? पण हे बोलून दाखवलं असतं तर ती मी कसली. "त्यांना जेवायला बोलाव," मी बजावलं. "माझ्या हातचं त्यांनी ताटात टाकलं, तर हे लग्न होणार नाही." मुलीचं तोंड एवढंसं झालं.

रविवारी बाई आल्या. उंच, अबोल, हातात कडू चॉकलेटची भलीमोठी वडी. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, मुलगी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती. मी राजम्याचा झणझणीत रस्सा वाढला. बाईंनी एक घास घेतला आणि त्या थांबल्या. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग मीही घास घेतला. रस्सा कडूजहर झाला होता.

मी मुलीकडे पाहिलं, तर ती रडायच्या बेतात. पाहुण्या येणार म्हणून आदल्या दिवशी तिने हौसेने बरण्यांची झाकणं घासली होती आणि लावताना काळं-पिवळं उलटसुलट केलं होतं. फोडणीच्या ठसक्यात मला वास कुठला लागायला? तीन मोठे चमचे कॉफी मी मसाला म्हणून टाकली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पातेलं ओतून द्यायला निघाले, तर बाईंनी माझा हात धरला. पातेलं परत गॅसवर ठेवून त्यांनी चॉकलेटचे चार तुकडे आत टाकले. कडूत आणखी कडू! बाई आपली जिरवताहेत, असंच मला वाटलं. मग त्यांनी एक संत्रं पिळलं, मीठ घातलं, चिमूटभर साखर घातली. दर वेळी चमचा चाटून बघत होत्या, आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

शेवटी चमचा त्यांनी माझ्यापुढे धरला. जन्मात पहिल्यांदा मी शिजतं अन्न चाखलं. आधी तिखट लागलं, मग संत्र्याचा आंबटपणा, आणि मागून कॉफी आणि चॉकलेट, माझ्या मसाल्याहूनही खमंग. त्यांच्याकडे मांसाच्या रश्श्यात चॉकलेट घालतात, मुलीने सांगितलं. कॉफीचं मात्र त्यांनाही नवीनच होतं.

मग मीही मागे राहिले नाही. दुसरं संत्रं सोलून फोडींवर तिखटमीठ भुरभुरलं. बाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी ताटली पुन्हा पुढे केली. पातेलं तर आम्ही तिघींनी पुसून काढलं.

"आई, मग लग्नाचं काय?" मुलीने दबकत विचारलं.

"त्यांना सांग, माझी मुलगी झाकणांची अदलाबदल करते. चालेल का, विचार."

तिने विचारलं. बाईंनी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं आणि मुलगी खुदकन हसली. "त्या म्हणतात, त्यांचा मुलगा तर झाकणं लावतच नाही."

मलाही हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. घाईने बोटांनी डोळे पुसले, पण बोटांना तिखट होतं. मग काय, विहीणबाईंनीच माझ्या डोळ्यांवर पाणी मारलं.