लेखिका जयंती साखळकर

जयंती गेल्याचं कळल्यावर पहिला फोन आला तो भंवरलालजींचा. नातेवाईक मागून आले. तीस वर्षांपूर्वी भंवरलालजींनी इथेच जयपुरात भाडेकरूंवर एक विनोदी मालिका काढली होती. आमची लेखिका गेली, म्हणत ते फोनवर रडले. जयंतीचे यजमान बापू नुसते हो म्हणाले.

मालिका बापूंनी लिहिली होती. ते तेव्हा विमा कंपनीत अधिकारी, नुकतेच बदलून आलेले. बाहेरचं काम करायला परवानगी लागायची आणि साहेब ती देणारा नव्हता. म्हणून नाव बायकोचं लावलं. बापू मराठीत लिहीत, जयंती हिंदीत उतरवी, आणि लेखिका म्हणून शूटिंगलाही तीच जाई. टीव्हीवर भाग लागला की बापू चिडत. हे वाक्य माझं नाही, नट मधेच काहीबाही घुसडतात. ती म्हणे, सांगते हो त्यांना.

तेराव्यानंतर मुलगी तनया वैशाली नगरहून आली. कुणीतरी सगळे भाग इंटरनेटवर टाकले होते. दोघं बघायला बसली. बापूंनी जुन्या वह्या मांडीवर घेतल्या. रविवारी शोकसभा होती, मालिका कशी लिहिली ते बापूंनीच सांगावं असा भंवरलालजींचा आग्रह होता. आता नोकरी नव्हती, साहेबही नव्हता. खरं काय ते एकदा सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं.

वहीत घरमालकाचं पाण्याच्या टंचाईवर पानभर भाषण होतं. पडद्यावर घरमालक फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या भाडेकरूला एवढंच विचारत होता, आज नहाए क्या? तनया हसून हसून वाकली. मालवीय नगरात बापूंचा स्वतःचा घरमालक रोज असंच विचारायचा. त्याला उत्तर जयंती द्यायची. बापू तेव्हा ऑफिसात असत.

दुसऱ्या भागातही तसंच. तिसऱ्यातही.

"बाबा, मतलब आईनेच लिहिलं ना?"

"गोष्ट माझी आहे. हे बघ, वहीत आहे."

"पण हसायला येतं ते वहीत नाहीये."

बापूंनी भंवरलालजींना फोन लावला. नट फार बदल करायचे का हो, एवढंच विचारलं. ते म्हणाले, छे, कुणाची हिंमत? जयंतीजी एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत.

बापूंनी फोन ठेवला. तिनं त्यांना सांभाळून घेतलं होतं, की त्यांच्यावर हसत होती? का तिला हे सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं? विचारायचं तर तिलाच विचारायला हवं होतं.

"उद्या काय बोलणार मग?" तनयानं विचारलं.

"लिहितो," बापू म्हणाले.

कागदावर त्यांनी 'ही मालिका' असं लिहिलं. पुढे 'मी' लिहून खोडलं, 'जयंतीनं' लिहून तेही खोडलं. 'आम्ही' लिहावं तर तेही खरं वाटेना.

रविवारची सकाळ झाली. ते वाक्य पुरं व्हायचं राहिलंच आहे.