खिंडीतली किटली

जार्लिक आबांच्या जीपचं अंग रशियन आणि काळीज जपानी, असं कोचकोर गावच्या बाजारात सगळेच म्हणायचे. आबा ते ऐकून मिशीत हसायचे, कारण ते काळीज त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. मूळचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेलचं चढवायला अख्खा हिवाळा गेला. इंजिन बसवायचे खांदे घरीच वेल्डिंग करून घेतले, गिअरबॉक्सशी सांधणारी जाड पट्टी एका मोडीतल्या ट्रॅक्टरमधून कापली. सगळं जमलं. फक्त डॅशबोर्डावरचे मीटर जुन्या इंजिनाचेच राहिले, आणि नव्या इंजिनाचं बोलणं त्यांना काही समजेना. तापमानाचा काटा थंडी असो की ऊन, आपला मधोमध उभा. गेल्या उन्हाळ्यात कलमाक खिंडीच्या चढावर तो असाच शहाण्यासारखा उभा होता आणि इकडे बॉनेटखालून वाफेचे लोट निघत होते. इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं आणि गाडी तिथेच बसली. आबा दिवसभर रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिले आणि गावातल्या झाडून सगळ्या मेंढ्या त्यांच्या डोळ्यांदेखत वर कुरणाकडे निघून गेल्या.

म्हणून यंदा नवे मीटर. आणि नव्या मीटरसाठी बेगायिम.

बेगायिम म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची मुलगी, नुकतीच नववी संपवलेली. आधी ती आबांच्या गॅरेजात नुसते पाने पुसायची. मग फ्यूज बदलायला लागली. वसंतात एका ट्रकचे दिवे लागत नव्हते, दोन मोठी माणसं सकाळपासून त्यात डोकं घालून बसली होती, आणि बेगायिमने दप्तर न उतरवता खाली वाकून उंदराने कुरतडलेली वायर दाखवली. त्या दिवसापासून तिची मान जी ताठ झाली ती झालीच. आई म्हणायची, या पोरीला आता दारातून आत येताना वाकायला सांगावं लागतं.

राजधानीतून, बिश्केकच्या मोटारबाजारातून दोन मीटर आले, एक ऑइल प्रेशरचा, एक पाण्याच्या तापमानाचा. ते कुठे आणि कसे बसवायचे हे तिने ठरवलं. अ‍ॅशट्रेची जागा कापून पत्र्याची पट्टी केली आणि दोन्ही मीटर जरा फिरवून असे बसवले की सगळं ठीक असताना दोन्ही काटे सरळ वर बघतील. म्हणजे गाडी चालवताना आकडे वाचायला नकोत. काटा कलला की काहीतरी बिनसलं, इतकं सोपं. आबांना ही युक्ती फार आवडली, पण ते नुसतं हं म्हणाले.

पहिल्या दिवशी मात्र तापमानाचा काटा हलेचना. समोरच्या घरातले शामशी अके, म्हणजे शामशीदादा, ज्यांचा ट्रक दरवर्षी अर्ध्या गावाचे तंबू वर पोचवतो, ते मुद्दाम खुर्ची आणून बसले आणि विचारू लागले की हे घड्याळ आहे का, किती वाजलेत. बेगायिमचे कान लाल झाले. पण ती जीपखाली शिरली आणि पडल्या पडल्या विचार करू लागली. सेन्सर बसवला होता रेडिएटरच्या नळीत, एका धातूच्या कड्यात. कड्याच्या अलीकडे रबर, पलीकडे रबर. बिचाऱ्याला अर्थिंग मिळणार कुठून? तिने कड्यापासून इंजिनाच्या अंगापर्यंत एक वीतभर वायर ओढली. काटा उठला. शामशी अके खुर्ची घेऊन घरी गेले.

या सगळ्यात बेगायिमचा एक स्वार्थ होता आणि तो तिने लपवलाही नव्हता. दर उन्हाळ्यात घरची सगळी पोरं वर सोन-कोल तळ्याकाठच्या कुरणावर जायची, वासरं राखायची, ऑगस्ट संपेपर्यंत. तिला यंदा वासरं नको होती. तिला गॅरेज हवं होतं. आबांनी अट घातली: मीटर खरे निघाले तर सामान टाकून माझ्याबरोबर खाली परत ये. खोटे निघाले तर अंथरूण घेऊन वरच राहा.

निघायच्या आदल्या सकाळी आबांनी परीक्षा घेतली. डबीत एक जादा सेन्सर आला होता. मीटरची वायर त्याला जोडली, अर्थिंगचा चिमटा लावला, आणि उमसुनाय जेनेंची, म्हणजे काकूंची, चहाची किटली जीपशेजारी शेगडीवर ठेवून सेन्सर पाण्यात सोडला. पाणी खळखळा उकळलं. काटा चौऱ्याण्णववर गेला आणि तिथेच बसला.

आबांनी विचारलं, "पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर," बेगायिम बोलून गेली आणि लगेच तिला जीभ चावावीशी वाटली.

"मग हा सहा अंश खातो. खोटं बोलणारा माणूस मी दुकानात ठेवत नाही, काटा कशाला ठेवू?"

तिने सांगायचा प्रयत्न केला की शंभर हे समुद्राकाठचं, आपण डोंगरात राहतो, इथे हवेचा दाब कमी, पाणी आधीच उकळतं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं पानसुद्धा तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण आबांचं एकच, पाणी ते पाणी, आणि पुस्तक लिहिणाऱ्याने कधी इंजिन उघडलं होतं का. खरं म्हणजे ते रागावले नव्हते. गेल्या वर्षी एका काट्याने फसवलेला माणूस होता तो. दुसऱ्या काट्यावर विश्वास ठेवायला त्याला भीती वाटत होती.

तेवढ्यात जेने किटली मागायला आल्या. हातात पीठ, तळायची बोरसोकं अर्ध्यावर राहिलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वर कुरणावर मांस शिजायला इथल्या दुप्पट वेळ लागतो. तो काय माझा आळस?"

"मी इतकी वर्षं तेच समजत होतो," आबा म्हणाले.

जेनेंनी पिठाचे हात तसेच धरून त्यांच्याकडे असं बघितलं की गंमत बघायला आलेले शामशी अके सुद्धा दुसरीकडे बघायला लागले. बेगायिमच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. ती म्हणाली की मग उद्या खिंडीच्या माथ्यावर हीच किटली ठेवू. पाणी सगळीकडे शंभरलाच उकळत असेल आणि काटा सहा अंश खाणारा असेल, तर तिथेही चौऱ्याण्णवच दाखवेल. खरा असेल तर कमी दाखवेल. तिने बोटांवर हिशेब केला, तीनशे मीटरला साधारण एक अंश, खिंड इथून दीडेक हजार मीटर वर, आणि सगळ्यांसमोर आकडा सांगून टाकला: एकोणनव्वद.

आकडा सांगितल्यावर ती घाबरली. कमी दाखवेल एवढंच म्हणाली असती तरी चाललं असतं. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि मागे घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि जीप निघाली. मागे तंबूच्या काठ्या, लोकरीचे जाड नमदे, जेने, आणि बेगायिमचं अंथरूण. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमायला लागलं. बेगायिम काट्यांवरून नजर हलवत नव्हती. आबा मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते, भांडण झालेल्या पाहुण्याकडे बघत नाहीत तसे. शेवटच्या वळणांवर तापमानाचा काटा उजवीकडे कलायला लागला, तेव्हा ती हळूच म्हणाली की आबा, जरा दमानं. आबांनी पाय हलका केला. काटा परत सरळ उभा राहिला.

माथ्यावर रस्त्याच्या कडेला अजून घाणेरडा बर्फ होता आणि वारा असा की शेगडी तीनदा विझली. शेवटी जीपच्या आडोशाला नमदा धरून जेने उभ्या राहिल्या. मागोमाग आलेले शामशी अके ट्रक थांबवून उतरले. ट्रकातल्या मेंढ्याही फळ्यांमधून तोंडं काढून बघत होत्या. सेन्सर पाण्यात गेला. साठ. सत्तर. बेगायिमला वाटलं, आपण शाळेतल्या कुठल्याच परीक्षेला इतकं घाबरलो नव्हतो. ऐंशी. पंच्याऐंशी. पाणी बुडबुडायला लागलं, मग उसळायला लागलं, झाकण थडथडायला लागलं.

काटा नव्वदच्या जरा आत थांबला.

आबा म्हणाले, थांबा, अजून नीट उकळलं नाही. सगळे थांबले. किटली नुसती नाचत होती. जेने म्हणाल्या की पाणी आटून जाईल आणि लोखंड घातलेल्या त्या पाण्याचा चहा तर त्या कुणाला देणारच नाहीत, नवऱ्याला सोडून. काटा हलला नाही. आबांनी वाकून, डोळे बारीक करून, एकेक रेघ मोजली. नव्वद, आणि त्याच्या एक रेघ अलीकडे: एकोणनव्वद.

मग त्यांनी रस्त्याच्या खालच्या वळणाकडे बघितलं, जिथे गेल्या वर्षी ते दगडावर बसले होते.

"म्हणजे इथे पाणी उकळायला तापावंही लागत नाही फारसं," ते म्हणाले. "मीटरवाल्याने लाल रेघ मारलीय एकशे दहाला."

"रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, तेवढी सवलत आहे," बेगायिम म्हणाली. "पण आपलं झाकण जुनं आहे. मी असते तर पंच्याण्णवला घाबरले असते."

आबा शामशी अकेंकडे वळले आणि रंग मागितला. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग ट्रकात होताच. डबा आला. आबांनी आगपेटीतली एक काडी काढून बेगायिमच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला सरकले, ड्रायव्हरच्या सीटवरून चक्क खाली उतरले, तिला बसता यावं म्हणून. तिने काडी रंगात बुडवली, श्वास धरला आणि मीटरच्या काचेवर पंच्याण्णवपाशी बारीक, सरळ रेघ ओढली. हात जराही थरथरला नाही. ते तिने स्वतःच नंतर सगळ्यांना सांगितलं.

शामशी अकेंनी खिडकीतून डोकं घालून रेघ पाहिली, मग आपल्या ट्रकाकडे पाहिलं. त्यांच्याही ट्रकात इंजिन दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं होतं. मलाही असला एक बसवून दे ना, ते म्हणाले, सोमवारी खाली येतोच आहे.

आबा बेगायिमकडे बघत उभे राहिले, गिऱ्हाईकाला कारागीर काय सांगतो ते ऐकायला मालक उभा राहतो तसे.

बेगायिमने थोडा विचार केल्यासारखं केलं.

"सोमवारी नाही जमायचं, अके," ती म्हणाली. "मंगळवारी आणा."