नदीच्या तळाचे दात

ताईचा धंदा कवळ्या बनवण्याचा, आणि तिच्या धाकट्या भावाला नाद नदीतून दात काढण्याचा. माणसांचे नव्हेत, लक्षावधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तेव्हाच्या अजस्र शार्क माशांचे. दगड झालेले, काळेभोर. "आपलं घराणंच दातांचं," तो म्हणायचा. त्याचे स्वतःचे मात्र केव्हाच पडले होते. वरची कवळी ताईनेच करून दिलेली, आणि ती सैल झाल्याची कुरकूर तो गेले वर्षभर करत होता.

त्या दुपारी ती पहिल्यांदाच त्याच्या होडीत बसली. पाणी संथ, ऊन मऊ, वल्ह्यांचा आवाजसुद्धा पेंगुळलेला. वळणावर त्याने बुडी मारली आणि ऐटीत वर आला तो दात समजून शिंपला घेऊन.

"हा दात? मग माझी कपबशी सोन्याची!" ताई म्हणाली.

होडीचा काठ धरून तो खो खो हसला, आणि कवळी डुबकन पाण्यात.

ताई वाकून पाण्यात बघू लागली.

"आता तूच जा," तो पोकळ तोंडाने म्हणाला. "मला दम लागलाय. छातीएवढंच तर पाणी आहे."

"तुझा पोहायचा चष्मा दे इकडे."

पोहणं तिला येत होतं. संसारात राहून गेलं होतं, एवढंच. खाली सगळं हिरवट, धूसर. गार चिखलात बोटं चाचपडू लागली आणि जगाचा आवाज बंद झाला. वाटलं, काठ विरघळलेत, तळ खोल खोल गेलाय, आणि डोक्यावरून एक प्रचंड सावली ढगासारखी सरकतेय. संपता संपत नाही. तिला भीती वाटायला हवी होती. पण कुणीतरी झोपेत पांघरूण घालावं, तसं वाटलं. तेवढ्यात बोटाला धार लागली.

ती वर आली तेव्हा हातात तळहाताहून मोठा दात होता. कडेची बारीक करवत अजून शाबूत.

"टोक झिजलंय," अंगठा फिरवत ती म्हणाली. "खाऊनपिऊन सुखी होता."

"उभ्या जन्मात मला एवढा मिळाला नाही गं!" भावाचे डोळे भरून आले. मग आठवण झाली. "आणि माझी कवळी?"

"राहू दे तिथंच. पुढेमागे सापडली कुणाला, तर डोकं खाजवत बसतील, हा मासा कुठला म्हणून."

तिने नवी कवळी घट्ट बसवून दिली. पुढच्या रविवारी मात्र तोच होडीत बसून राहिला, आणि ताई पाण्यात उतरली ती बराच वेळ वर यायला तयार होईना.