सव्वादोनच्या बांगड्या

आश्विनाचं ऊन उतरलं होतं. हळदुलं, हळवं, अस्वस्थ. तेरणेकाठच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडलं होतं, आणि ढगांच्या सावल्या, एका जागी न ठरणाऱ्या सावल्या, जुन्या गावच्या ढिगाऱ्यांवरून नव्या गावच्या पत्र्यांवर उगाच ये-जा करत होत्या.

भूकंपाचा दिवस. तीस वर्षांमागं याच मातीनं पहाटे कूस बदलली आणि निद्रामग्न गाव पोटात घेतलं. तेव्हा अवघा देश धावून आला होता. कुणी कुणाची जात पुसली नव्हती. तुळया, चौकटी, पाळणे... घरांच्याच लाकडांवर माणसं जळाली. पावसात धुमसत, एका चितेत कितीतरी जण.

आज मात्र ट्रॉलीतून मेलेल्यांची नावं कोरलेल्या दोन शिळा आल्या होत्या. एक चितेच्या जागी बसवायची, एक कबरस्तानात.

"ज्याची नावं त्याच्यापाशी," गावातली पोरं म्हणाली. "पुन्हा वाद नको."

म्हातारी हमीदाबी मनियारीण उठली, बसली, पुन्हा उठली.

"खाला, मुंगळे डसतेत का? बसा की निवांत!" एक पोरगं म्हणालं.

कशी बसणार? बांगड्या भरताना गावातलं एकेक मनगट तिच्या हातांतून गेलेलं. ढिगाऱ्यातून हात निघाला की लोक तिलाच हाक मारत. चेहरे ओळखू येत नव्हते. बांगड्या पाहून ती नाव सांगे.

असाच एक हात निघाला. हिरव्या, सोनटिकल्यांच्या, सव्वादोनच्या मापाच्या बांगड्या. तश्शा बांगड्या तिनं गौरीच्या सणाला दोघींनाच भरल्या होत्या: शेजारच्या चिमाबाईची कुशावर्ता आणि तिची स्वतःची नसीम. दोघी जिवाभावाच्या, हट्टानं सारखं लेणाऱ्या. नसीम जिती सापडेल, या वेड्या आशेनं आईच्या ओठी दुसरं नाव आलं. कुशावर्ता म्हणून तो देह चितेवर गेला.

दुसऱ्या दिवशी तशाच बांगड्यांचा दुसरा देह निघाला. तिनं न्हाऊ घातलं, चिखल ओघळला, आणि कोपराखाली गोंदलेलं तुळशीवृंदावन उमटलं. चिता विझली होती. ती गप्प राहिली. परक्या लेकीला आपली म्हणून तिनं मातीत निजवलं.

ट्रॉलीचा फाळका खाली पडला. हमीदाबी चिमाबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"अक्का, कबरस्तानच्या दगडावर माझ्या नसीमचं नाव नको. तिथं तुमची कुशी हाये. माझी... चितेत गेली. मीच चुकले."

चिमाबाईचा चेहरा राखेसारखा झाला.

"तीस वर्सं! भिंतीला भिंत लावून राहिलीस, अन् एकदा बोलली न्हाईस?"

"जीभ उचलंना, अक्का."

सावल्या आल्या, सावल्या गेल्या.

"न्हाऊ घातलंस म्हंतीस?"

"ऊन पाण्यानं. केसातली माती बोटांनी काढली."

चिमाबाईनं आपले हात पुढं धरले. "अन् मी तुझ्या लेकीवर या हातानं राकेल वतलं गं, हमीदे..."

मग ती पोरांकडं वळली. "दगड उतरवू नगा. समदी नावं एकावरच कोरून आना. कोण कुठं हाय, कुनाला ठाव रं?"

पोरांनी ट्रॉलीचा फाळका पुन्हा वर चढवला.

दोघी म्हाताऱ्या कबरस्तानात गेल्या. त्या चिमुकल्या उंचवट्यापाशी चिमाबाई थबकली. फूल नव्हतं, पाणी नव्हतं. काय करावं, तिला उमगेना. तिनं खाली बसून डोईवरचा पदर काढला, निजल्या लेकरावर घालावा तसा मातीवर अलगद पसरला. वारा सुटला. पदराचं पल्याडचं टोक उचलू लागलं, फडफडू लागलं. हमीदाबीनं त्यावर तळहात टेकला, आणि चिमाबाई उठेपर्यंत तो तसाच टेकून राहिला.