अब्दुलशेठनं लूम बंद केले त्या दिवशी

अब्दुलशेठच्या कारखान्यात एकच कायदा होता, आणि तो मोडणाऱ्याची गय नव्हती. लूम चालू असताना धावायचं नाही. कितीही घाई असो, चालायचं. दोन लूमांमधली वाट एवढी चिंचोळी, की माणसानं खांदे चोरून, कंबर वळवून, पाय जमिनीला धरूनच पुढं सरकावं. ओढणीचं टोक नाहीतर सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली तर काय होतं, ते भिवंडीत कुणाला सांगायला नको. म्हणून तिथं सगळे एकाच चालीनं चालायचे, भराभरा आणि कुल्हे हलवत.

शेठची पोरगी अफीफा फ्रॉक घालायची तेव्हापासून बापाला चहा द्यायला त्या वाटेनं जायची. घर वर, कारखाना खाली. पेल्यातला चहा सांडला की ओरडा, पळाली की दुप्पट ओरडा. पोरगी चालायला शिकली ती अशी.

आणि आता बघा गंमत! तीच चाल तिला आशियाई मैदानी स्पर्धेत घेऊन गेली. चालण्याची शर्यत असते म्हणे, आणि त्यात भारतातर्फे अफीफा. बातमी आली तेव्हा गल्लीतले लोक पेढे मागायला आले, तर अब्दुलशेठ म्हणाला, "चालायला? चालायला कुणी एवढं लांब आखातात पाठवतं होय? चालायचंच तर अंबाडी गावच्या बाजारात जाऊन ये म्हणावं, येताना भाजी तरी येईल."

तोंडानं असं बोलायचं आणि मग गुपचूप पेढे आणायला माणूस पाठवायचा, ही त्याची जुनी खोड. बायको खदीजा ती ओळखून होती. पोरीला रस्त्यावर तसं चालताना पाहून "लोक बघतात, नीट चाल" म्हणणारा हाच. आणि वडप्याचे केसरीनाथ सर, शाळेतले निवृत्त पीटी मास्तर, तिला दर रविवारी गोदामांच्या रिकाम्या रस्त्यावर चालवायला लागले, तेव्हा मागून लांबून स्कूटर घेऊन येणाराही हाच. विचारलं तर म्हणायचा, "मला वडप्याला काम होतं." कसलं काम, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

पण घोर होता, आणि तो खराच होता. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर लागतो. दोन्ही सुटले की पंच लाल कार्ड लिहितो. तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाहेर. अफीफाला गेल्या दोन मोठ्या शर्यतींत असंच मधूनच बाहेर काढलं होतं. दुसऱ्या वेळी तर शेवट समोर दिसत होता. घरी येऊन ती बापाला म्हणाली होती, "अब्बा, या वेळी पण काढलं ना, तर मी सोडून देणार. मला नाही सहन होत."

केसरीनाथ सरांनी शेठला समजावलं होतं. "पोरीच्या पायात काय बी खोट न्हाय, शेट. पन मन घाईला आलं का ती उडते. तिच्या डोक्यात ताल बसला पायजे, बस. दुसरं काय न्हाय."

ताल कुठून आणायचा, हे शेठला कुठं ठाऊक? तो आपला दुवा मागत राहिला.

सरावाच्या शिबिरात गेल्यापासून अफीफाचा रोज सकाळी फोन यायचा, तो नेमका शेठ कारखान्यात असताना. चहूकडं खटखट खटखट. शेठ एक कान दाबून ओरडायचा, "काय? ऐकू येत नाही! थांब, वर जाऊन बोलतो!" आणि ती म्हणायची, "नको अब्बा, तिथंच थांबा." मग तो तिथंच थांबायचा, हां हां करायचा आणि फोन बंद व्हायचा. पोरगी आपल्या गुडघ्यांची काळजी करते, जिना चढू देत नाही, असं समजून शेठला भरून यायचं. पण मनात एक खंतही होती. आयुष्य त्या आवाजात गेलं, लेकीचं एक वाक्य कधी धड ऐकलं नाही.

म्हणून शर्यतीच्या दिवशी त्यानं ठरवलं, आज लूम बंद.

लोकांना वाटलं, शेठ आजारी आहे. लूम बंद ठेवणं म्हणजे काय चेष्टा आहे? पण आपले बंद करून भागत नव्हतं. भिंतीपलीकडं भाऊशेठचा कारखाना, त्याचा आवाज इकडं घुमायचा. आणि भाऊशेठशी अब्दुलशेठचं बोलणं बंद होतं, गटाराच्या पाण्यावरून. तरी गेला. दारात उभा राहून म्हणाला, "आज माझ्या पोरीची शर्यत आहे. त्याआधी तिचा फोन येईल. थोडा वेळ लूम थांबवशील?"

भाऊशेठनं त्याला खालून वर पाहिलं. "मला वाटलं गटाराचं बोलायला आलास," म्हणाला आणि लूम थांबवले.

गल्ली एकदम गप्प झाली. कांड्यांवर सूत भरणारी सखी अकलोलीहून पहिल्या बसनं आली होती. ती दारातच थबकली. "बाय गं! कोन मेलं का काय?"

"तोंड सांभाळ," शेठ म्हणाला. "बस इथं. पेढे खायचेत नंतर."

ऑफिसात टेबलावर फोन ठेवून तो बसला. खदीजा शेजारी, केसरीनाथ सर समोरच्या खुर्चीत. लेकीला काय सांगायचं ते शेठनं रात्रभर घोकलं होतं. की बेटा, मी कधी म्हटलं नाही, पण मला तुझा अभिमान आहे. की रस्त्यावर नीट चाल म्हणायचो, ते माफ कर. की जिंकलीस काय, हरलीस काय, घर तुझंच आहे. एवढं सगळं शांतपणे सांगायचं, आणि तिचंही शांतपणे ऐकायचं.

फोन वाजला. "अस्सलामु अलैकुम, अब्बा," अफीफा म्हणाली. काय तो आवाज! स्वच्छ, अगदी शेजारी बसल्यासारखा. शेठचे डोळे भरले.

"व अलैकुम अस्सलाम, बेटा. बोल. आज निवांत बोल, मी सगळे लूम—"

"अब्बा, लूम कुठायत?"

"बंद केलेत. तुझ्यासाठी! भाऊशेठचेही बंद करवले."

पलीकडून बारीक आवाजात, "अब्बा, असं का केलंत?"

शेठ गोंधळला. "अगं, तुझ्याशी नीट बोलता यावं म्हणून—"

"मी काय रोज बोलायला फोन करते का?" ती रडकुंडीला आली होती. "म्हणजे, बोलायला पण करते. पण अब्बा, त्या खटखटीवर मी पाय टाकते. रोज ती ऐकते आणि मग सरावाला जाते. मागच्या दोन्ही वेळेला तुम्ही दौऱ्यावर होतात, सुरतेला. तेव्हा नाही ऐकता आली. आता थोड्या वेळात आमचे फोन जमा करतील, अब्बा."

केसरीनाथ सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरं देवा! ताल तर घरातच व्हता!"

"फोन ठेवू नकोस!" शेठ ओरडला आणि खुर्चीवरून उठला. "अफजल! लूम चालू कर!"

अफजल मिस्त्री हातात पाना घेऊन आतून आला. तोंड एवढंसं झालेलं. "शेठ, आपने बोला छुट्टी है, तो मैंने सोचा पट्टे बदल लूँ. सगळे उतरवले ना मी."

शेठनं जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन हातात घेऊन तो बाहेर पडला, गल्लीतून, भाऊशेठच्या कारखान्याकडं. गुडघा दुखरा, पायात चप्पल, धावणं काही जमणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते त्याच्या अंगातच नव्हतं. तो चालत निघाला. पण कसा? खांदे चोरून, कंबर वळवत, टाच रोवून, भराभरा, कुल्हे हलवत. गल्लीतली माणसं बाजूला झाली. चहावाल्याची किटली हातातच राहिली.

सखी मागून ओरडली, "अवं बघा, बघा! ही तं अफीफाची चाल हाय!"

खदीजा दारात आली होती. ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं ओढणी डोळ्यांना लावली. "तिची कसली?" ती म्हणाली. "ह्यांचीच आहे ती. आज दिसली होय तुम्हाला?"

भाऊशेठ खाटेवर पेपर वाचत होता. "चालू कर," शेठ धापा टाकत म्हणाला.

"सकाळी म्हणतोस बंद कर, आता म्हणतोस चालू कर. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाही. चालू कर, भाऊ."

भाऊशेठनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, हातातल्या फोनकडं पाहिलं आणि पेपर टाकून स्वतः उठला. एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. खटखट खटखट, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेठ दोन लूमांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्यानं फोन वर धरला. तो जागचा हलला नाही. तिला ऐकू जातंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. बऱ्याच वेळानं पाहिलं तर फोन बंद झाला होता.

"ऐकलं का तिनं?" खदीजाबरोबर मागोमाग आलेल्या सरांनी विचारलं. शेठनं फक्त खांदे उडवले.

शर्यत त्यांनी भाऊशेठच्याच ऑफिसात बघितली, मोबाईलवर. भाऊशेठनं विचारलं, "आता थांबवू का लूम?" तर शेठ अंगावरच आला. "खबरदार! हात लावू नकोस!" इथं लूम थांबला तर तिथं पोरीचा पाय सुटेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि खोटं कशाला बोला, थोड्या वेळात ते सगळ्यांच्याच मनानं घेतलं. एका लूमवर धागा तुटला तर कारीगरानं तो असा जोडला, जसं काही त्याच्याच बहिणीची शर्यत आहे.

अर्ध्या वाटेत पंचांच्या फळ्यावर अफीफाच्या नावापुढं लाल खूण आली. खदीजानं शेठचा हात धरला. पुढं आणखी एक आली.

"आता एक जरी आलं, तर..." सर म्हणाले आणि पुढचं गिळलं.

शेठ उठला. त्याला बघवेना. तो जाऊन पुन्हा दोन लूमांच्या मधे उभा राहिला, भिंतीकडं तोंड करून. ओठ हलत होते. अल्लाचं नाव घेत होता की लूमांना विनवत होता, कोण जाणे. आतून सरांची आरोळी आली, ती त्या आवाजातही ऐकू आली. "शेट! या, या! तिचा पाय बघा! लूमावर पडतोय!"

शेठ आला. पडद्यावर अफीफा वळणावरून येत होती. चेहरा घामानं निथळत होता, पण शांत होता. टाच, टाच, टाच. आणि बाहेर खटखट, खटखट. कारीगर दारात गोळा झाले होते. फळ्यावर तिसरी खूण आली नाही. एकीला तिनं मागं टाकलं, मग आणखी एकीला, आणि रेघ ओलांडली ती दोन्ही पायांवर, स्वतःच्या.

चौथी आली. पदक तिसरीपर्यंत.

क्षणभर सगळे शेठकडं बघत राहिले. शेठनं डोळे पुसले आणि खेकसला, "बघताय काय? आशियात चौथी आली पोरगी! कुणी मधूनच बाहेर काढली नाही तिला, कळलं का? पेढे वाट, सखी!" पहिला पेढा त्यानं भाऊशेठच्या तोंडात कोंबला. गटाराचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

दुपारी फोन आला. शेठ अजून भाऊशेठच्याच कारखान्यात होता, लूम चालू होते. अफीफा बोलत होती, खूप बोलत होती, मधेच हसत होती, बहुतेक रडतही होती. शेठनं एक कान दाबला.

"वर जाऊन बोला ना," खदीजा त्याच्या कानाशी ओरडली. "ऐकू तरी येईल!"

शेठनं मान हलवली आणि तो तिथंच उभा राहिला. घोकलेलं सगळं त्यानं सांगून टाकलं, माफीसुद्धा, त्या खटखटीत, मोठ्यानं, न लाजता. मग तिनं काहीतरी म्हटलं आणि तो "हां बेटा, हां" करत राहिला.

फोन संपल्यावर खदीजानं विचारलं, "काय म्हणाली?"

"सगळं ऐकलं म्हणाली," शेठ म्हणाला. एक शब्द त्याच्या कानात शिरला नव्हता. मग तो कंबर वळवत, खांदे चोरत, लूमांच्या मधून बाहेर निघाला.